‘निवडणूक चोरली’ म्हणणाऱ्याला पहिला प्रश्न: कुठल्या केंद्रावर?

प्रश्न लांबलचक होता, म्हणून आधी थोडक्यात मांडतो. विचारणारे ग्वाल्हेरच्या लष्कर भागात राहतात. दर निकालानंतर घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर दोन तट पडतात. काका म्हणतात मशीन सेट केलेली असतात, वडील म्हणतात हरलेल्याला निमित्त लागतंच. पुरावा म्हणून भिंडची जुनी बातमी पुन्हा पुन्हा येते, ‘कुठलंही बटण दाबा, कमळच निघतं’ अशी. जोडीला २०२४ मध्ये महाराष्ट्रात संध्याकाळी पाचनंतर वाढलेल्या मतांचे आकडे. खरं काय, आणि आपण ठरवायचं कसं? शेवटी तीन बारीक शंकाही आहेत: बोटाची शाई जात का नाही, चिठ्ठी सातच सेकंद का दिसते, आणि मावशीचं नाव यादीतून कसं उडालं?

मी सरकारी शाळेत गणित शिकवलं आणि नोकरीभर निवडणूक ड्यूटी केली. मतपेटीच्या काळातही केली, मशीनच्या काळातही. पीठासीन अधिकारी, म्हणजे मतदान केंद्राचा प्रमुख, म्हणून डबरा-भितरवारकडच्या खेड्यांत रात्री काढल्या आणि पुढे मतदान दलांना प्रशिक्षण दिलं. त्यामुळे जे सांगतोय ते केंद्राच्या आतून पाहिलेलं आहे. दिल्लीत बंद दाराआड काय ठरतं, त्यावर मी बोलणार नाही.

काका बरोबर की वडील, असा प्रश्न घातला तर उत्तर निघणार नाही. निवडणूक म्हणजे एकामागून एक येणारी वेगवेगळी कामं आहेत. यादी तयार होते, मशीन तपासून त्यात उमेदवार भरले जातात, केंद्रावर मतदान होतं, मशीन सील होऊन स्ट्राँगरूममध्ये जातं, मग मोजणी होते. प्रत्येक टप्प्यावर माणसं वेगळी, कागद वेगळा आणि लबाडीची तऱ्हाही वेगळी. म्हणून कुणी ‘चोरी झाली’ म्हटलं की मी तीनच गोष्टी विचारतो. कुठल्या टप्प्यावर? कुठल्या केंद्रावर? आणि हे खरं असेल, तर कुठल्या कागदावर दिसायला हवं? ज्या आरोपाला या तिन्हींची उत्तरं आहेत तो मी गंभीरपणे घेतो, मग तो कुठल्याही पक्षाचा असो. ज्याला एकही उत्तर नाही, तो खोटाच असतो असं मी म्हणत नाही. तो तपासता येत नाही, एवढंच.

आता भिंड, कारण ते आपल्या शेजारचं आहे आणि त्याची चौकशी झालेली आहे. मार्च २०१७ च्या अखेरीस, अटेर पोटनिवडणुकीच्या आधी, पत्रकारांना व्हीव्हीपॅटचं, म्हणजे दिलेल्या मताची चिठ्ठी छापून दाखवणाऱ्या यंत्राचं, प्रात्यक्षिक दाखवलं गेलं. त्यात कमळाची चिठ्ठी निघाली आणि देशभर बोभाटा झाला. आयोगाच्या चौकशीत निघालं ते असं. चार बटणं दाबली गेली होती आणि चिठ्ठ्या वेगवेगळ्या निघाल्या होत्या, कमळ एकदाच. ते व्हीव्हीपॅट कानपूरच्या गोविंदनगर मतदारसंघातून आलेलं होतं, तिथल्या उमेदवारांची चिन्हं त्यात तशीच होती आणि प्रात्यक्षिकाआधी ती पुसलेली नव्हती. म्हणजे ‘कुठलंही बटण’ हा भाग खोटा, पण काहीच घडलं नव्हतं असंही नाही. जुनी माहिती न पुसता मशीन लोकांसमोर ठेवणं हा ढळढळीत हलगर्जीपणा होता आणि त्यापायी भिंडचे जिल्हाधिकारी आणि पोलीस अधीक्षक दोघांनाही हटवलं गेलं. पुढची गोष्ट ग्रुपवर कधी येत नाही: त्याच अटेरमध्ये काँग्रेसचा उमेदवार ८५७ मतांनी निवडून आला.

तुमच्या काकांनाही मान द्यायला हवा आणि वडिलांनाही, ते यासाठी. अधिकाऱ्याची चूक, नियमभंग आणि ठरवून केलेली लबाडी या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. बाहेरून तिन्ही सारख्याच दिसतात. चूक लपवली की लोक तिला लबाडी समजतात, आणि तो दोष लोकांचा नाही.

चूक किती महागात पडते त्याचं उदाहरण पानिपत जिल्ह्यातलं. बुआना लाखू गावात नोव्हेंबर २०२२ मध्ये सरपंचपदाची निवडणूक झाली. एका केंद्रावरची दोन उमेदवारांची मतं कागदावर उलटसुलट लिहिली गेली आणि हरलेला विजयी ठरला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. ऑगस्ट २०२५ मध्ये मशीन न्यायालयाच्या आवारात आणून मतं मोजली, तेव्हा आकडे निघाले १,०५१ आणि १,००० आणि निकाल फिरला. मशीनमधली मतं शाबूत होती, उतरवून घेणाऱ्याचा हात चुकला होता. न्याय मिळाला, पण सरपंचाची निम्म्याहून जास्त मुदत त्यात गेली.

आता केंद्राच्या आत या. पहाटे साडेपाचच्या सुमाराला शाळेच्या खोलीत उमेदवारांचे एजंट जमतात. त्यांच्यासमोर मॉकपोल म्हणजे चाचणी मतदान होतं, किमान ५० मतांचं. कोणी कुठलं बटण दाबलं त्याची नोंद ठेवायची, मग क्लोज, रिझल्ट, क्लिअर ही बटणं, याच क्रमाने. मशीनचा आकडा आणि चिठ्ठ्या एकमेकांशी ताडून पाहायच्या. मग त्या चिठ्ठ्या व्हीव्हीपॅटमधून काढून मागे शिक्का मारून काळ्या लिफाफ्यात सील करायच्या. ‘क्लिअर’ करायचं राहिलं, तर ती पन्नास मतं दिवसभराच्या मतांत मिसळतात. ‘मतदान झालं ६१२, मोजली ६६२’ अशा बातमीमागे बहुतेक वेळा हेच असतं. अशा केंद्राचं मशीन मोजणीत बाजूला ठेवतात. विजयाचं अंतर त्या केंद्राच्या मतांपेक्षा कमी असेल, तर तिथल्या व्हीव्हीपॅटच्या चिठ्ठ्या मोजून निर्णय होतो. म्हणून फरकाची बातमी आली की विचारा, फरक कितीचा आहे? पन्नासच्या आसपासचा असेल तर आधी मॉकपोल आठवा. तीनशेचा असेल तर मलाही त्याचं उत्तर हवं असेल.

संध्याकाळी मतदान बंद झालं की ‘टोटल’चं बटण दाबून एकूण आकडा घेतात आणि तो १७-सी या फॉर्मवर लिहितात. मशीनचा क्रमांक, सीलचे क्रमांक, रजिस्टरवर सह्या किती झाल्या, मतं किती पडली, सगळं त्यावर असतं आणि सही करून त्याची प्रत प्रत्येक एजंटच्या हातात द्यायची असते. सगळ्या निवडणुकीत माझ्या लेखी सगळ्यात मोलाचा कागद हाच. मोजणीच्या टेबलावर तेच मशीन आलं का, सील तेच आहे का आणि मतं तितकीच आहेत का, ते या एका पानावरून ताडता येतं. प्रशिक्षणात मी पुन्हा पुन्हा सांगायचो की प्रत न देता केंद्र सोडायचं नाही. पण दुखणं दुसऱ्या बाजूलाही आहे. कितीतरी एजंट दुपारच्या जेवणाला जातात ते परतत नाहीत. उरलेले न वाचता सह्या करतात. लहान पक्षांना आणि अपक्षांना तर प्रत्येक केंद्रावर माणूस बसवणं परवडतच नाही. नंतर ‘मशीन बदललं’ म्हणणाऱ्या पक्षाला मी आधी १७-सीच्या प्रती मागेन. त्या प्रतीवरचा क्रमांक आणि मोजणीच्या टेबलावरचा क्रमांक जुळत नसेल, तर तो खरा पुरावा. अशा एका पानाचं वजन हजार व्हिडिओंपेक्षा जास्त.

महाराष्ट्राच्या आकड्यांचंही असंच बघू. २० नोव्हेंबर २०२४ ला संध्याकाळी पाचपर्यंत ५८.२२ टक्के आणि अंतिम ६६.०५ टक्के. मधला फरक सुमारे ७६ लाख मतांचा, आणि असा ढीग एकदम समोर आला की कोणीही दचकेल. आता तो केंद्रांवर वाटून पाहा. केंद्रं एक लाखाहून थोडी अधिक, म्हणजे केंद्रामागे साधारण ७६ मतं. बहुतेक ठिकाणी मतदान सकाळी सात ते संध्याकाळी सहा होतं आणि एकूण मतं ६ कोटी ४० लाखांच्या घरात, म्हणजे दिवसभराचा वेग तासाला केंद्रामागे अठ्ठावन्नच्या आसपास. शेवटचा एक तास आणि सहाला रांगेत उभे असलेले लोक धरले तर ७६ अशक्य नाहीत. रांगेची पद्धतही सांगतो. वेळ संपली की पीठासीन अधिकारी रांगेतल्या सगळ्यात शेवटच्या माणसापासून सही केलेल्या चिठ्ठ्या वाटत पुढे येतो, म्हणजे मागून नवा कोणी घुसू शकत नाही. शिवाय दर दोन तासांनी कळवले जाणारे टक्के हे घाईघाईत गोळा केलेले अंदाज असतात. पक्का आकडा १७-सी भरल्यावरच येतो.

पण गणिताचा मास्तर म्हणून इथे एक इशारा देणं मला भाग आहे. सरासरी शक्य कोटीतली आहे म्हणून प्रत्येक केंद्र स्वच्छ ठरत नाही. सरासरीच्या आड दोनशे केंद्रं लपू शकतात. आरोप करणाऱ्याने केंद्राचं नाव द्यावं आणि आयोगाने त्या केंद्राचा कागद द्यावा, इथे दोघांचीही जबाबदारी आहे.

मशीनमध्ये फेरफार मुळात होऊच शकत नाही, असं म्हणणारे अधिकारीही मला पटत नाहीत. २०१० मध्ये संगणक तंत्रज्ञ हरि प्रसाद आणि त्यांच्या परदेशी सहकाऱ्यांनी त्या वेळचं मशीन हातात घेऊन आकडा दाखवणारी पट्टी बदलून आणि मेमरीला चाप लावून निकाल फिरवता येतो, हे दाखवून दिलं होतं. त्यातलं कळीचं काय? मशीन उघडून हाताळायला मिळालं पाहिजे. तेव्हा व्हीव्हीपॅट नव्हतं. ते पहिल्यांदा २०१३ मध्ये नागालँडच्या नोकसेन पोटनिवडणुकीत वापरलं गेलं. आज लबाडी करायची तर मशीन आणि चिठ्ठी दोन्ही एकाच दिशेने वळवावी लागतील, आणि तेही कुठलं मशीन कुठल्या केंद्रावर जाणार हे संगणकाने सोडत काढल्यासारखं ठरवल्यानंतर. फार अवघड काम आहे. पण व्हीव्हीपॅटमध्ये उमेदवारांची चिन्हं बाहेरून भरावी लागतात, हा टीकाकारांचा मुद्दा रास्त आहे. सर्वोच्च न्यायालयाने २६ एप्रिल २०२४ च्या निकालात सगळ्या चिठ्ठ्या मोजायची मागणी फेटाळली, पण चिन्हं भरणारं यंत्र निकालानंतर ४५ दिवस सीलबंद ठेवायला सांगितलं. दुसऱ्या-तिसऱ्या क्रमांकाच्या उमेदवाराला निकालापासून सात दिवसांत अर्ज करून पाच टक्के मशीनची तपासणी मागता येते, हेही त्यातच आलं.

सध्या प्रत्येक विधानसभा क्षेत्रात सोडत काढून पाच केंद्रांच्या व्हीव्हीपॅटची मोजणी होते. ग्वाल्हेर लोकसभेत आठ विधानसभा क्षेत्रं आहेत, म्हणजे चाळीस केंद्रं. हे पुरेसं आहे का? ते लबाडी किती पसरलीय यावर अवलंबून. समजा दहा टक्के केंद्रांत फेरफार आहे. मग चाळीसांत एकही न सापडण्याची शक्यता दीड टक्काच उरते. देशभर पसरलेली लबाडी असेल तर लोकसभेला वीस हजारांवर केंद्रांच्या चिठ्ठ्या मोजल्या जातात, त्यातून ती सुटणं जवळजवळ अशक्य. म्हणून ‘सगळीकडची मशीन सेट’ हा तुमच्या काकांचा आरोप मी मानत नाही. पण दोनच टक्के केंद्रांत गडबड असेल, तर चाळीसांतूनही ती निसटण्याची शक्यता पंचेचाळीस टक्के. आणि विधानसभेला तर पाचच केंद्रं मोजली जातात. तिथे दहा टक्क्यांची गडबडसुद्धा दहापैकी सहा वेळा निसटेल. अटेरसारख्या ८५७ मतांच्या लढतीत हा फरक जीवघेणा आहे. माझं ठाम मत आहे की अंतर जितकं कमी, तितक्या जास्त केंद्रांच्या चिठ्ठ्या मोजाव्यात. सरसकट पाच हा आकडा दोन हजारांच्या अंतरालाही आणि दोन लाखांच्या अंतरालाही सारखाच लावणं मला गणितात बसवता येत नाही.

कागदी मतपत्रिका आणल्या की प्रश्न मिटला, असं म्हणणाऱ्यांनी चंडीगड आठवावं. ३० जानेवारी २०२४ ला महापौरपदाच्या निवडणुकीत पीठासीन अधिकाऱ्याने स्वतःच आठ मतपत्रिकांवर खुणा करून त्या बाद ठरवल्या. खोलीत कॅमेरा होता, मतपत्रिका जपलेल्या होत्या, म्हणून २० फेब्रुवारीला सर्वोच्च न्यायालयाने त्या स्वतः पाहून निकाल फिरवला. आमच्या चंबळ भागात ठप्पे मारून पेट्या भरायचे दिवस ज्यांनी पाहिले, त्यांना कागदाबद्दल भाबडेपणा नाही. मशीन मिनिटाला चार-पाचच्या वर मत घेत नाही आणि पीठासीन अधिकाऱ्याने क्लोज दाबलं की पुढे घेतच नाही. गावगुंडांपुढे आम्हाला हा केवढा आधार वाटला, ते शहरात बसून कळणार नाही.

चंडीगडचा खरा धडा कॅमेऱ्याचा आहे. म्हणूनच डिसेंबर २०२४ मध्ये निवडणूक संचालन नियमांतला नियम ९३ बदलून केंद्रावरचं चित्रीकरण लोकांना पाहायला मिळण्याची वाट बंद केली आणि पुढे ते ४५ दिवसांपुरतंच जपायचं ठरलं, याचं मला मनापासून वाईट वाटतं. मतदार बायकांचे चेहरे वाटेल तिथे फिरू नयेत, ही काळजी खरी आहे. पण १७-सीवर कोणाचा चेहरा नसतो. प्रत्येक केंद्राचा तो कागद त्याच रात्री स्कॅन करून जाहीर केला, तर ग्रुपवरच्या निम्म्या अफवा सकाळपर्यंत टिकणार नाहीत.

केंद्रावर तुमच्या डोळ्यांदेखत चुकीची चिठ्ठी आली तर? नियम ४९-एमए आहे. लेखी तक्रार द्यायची, मग एजंटांसमोर चाचणी मत टाकायला मिळतं. तेव्हा चिठ्ठी बरोबर निघाली, तर तक्रार खोटी ठरून सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड होऊ शकतो. हा नियम खरं बोलणाऱ्यालाही घाबरवतो. मशीनचा बिघाड दुसऱ्या खेपेला तसाच होईल याची हमी काय? सरळ माणसाला शिक्षेची भीती घातल्याने विश्वास वाढत नाही, असं मला वाटतं. तरीही खात्री असेल तर तक्रार करा.

आता बारीक शंका. शाई १९६२ पासून म्हैसूरच्या सरकारी रंग कारखान्यात बनते. तिच्यात सिल्व्हर नायट्रेट असतं, ते कातडीवरच्या मिठाशी मिळतं आणि उजेडात काळं पडतं. डाग कातडीतच बसतो, म्हणून साबणाने जात नाही. नख वाढून पुढे सरकेल तसाच तो हळूहळू जातो. चिठ्ठी सात सेकंद दिसते कारण आतला दिवा तितकाच वेळ लागतो. मग चिठ्ठी कापली जाऊन पेटीत पडते आणि लांब बीप वाजतो. बहुतेक लोक बटणाशेजारच्या लाल दिव्याकडे बघत राहतात आणि ते सात सेकंद वाया घालवतात. बटण दाबलं की नजर थेट काचेकडे न्या.

मावशीचा प्रश्न मी मुद्दाम शेवटी ठेवला, कारण माझ्या लेखी तो मशीनपेक्षा मोठा आहे. मशीनबद्दल सगळा देश बोलतो, यादीबद्दल मतदानाच्या दिवसापर्यंत कोणी बोलत नाही. नाव वगळायचा अर्ज फॉर्म ७ वर होतो. कर्नाटकात आळंद मतदारसंघात ६,०१८ नावं वगळायचे असे अर्ज आले होते. तपासणीत त्यातले २४ खरे निघाले आणि बाकीच्यांबद्दल फेब्रुवारी २०२३ मध्ये गुन्हा नोंदवला गेला. इथे टप्पा सांगता येतो, केंद्र सांगता येतं, कागद हातात धरता येतो. मावशींच्या बाबतीत तसंच काही असेल असं नाही. घर बदललं असेल, बीएलओ (घरोघरी फिरून यादी तपासणारा केंद्राचा कर्मचारी) आला तेव्हा कुलूप असेल, किंवा नावाच्या स्पेलिंगवरून दुबार नोंद समजली गेली असेल. आपल्या मराठी घरांत माहेरचं आणि सासरचं नाव वेगळं असतं आणि हिंदीत उतरवताना आडनावाचं काहीही होतं, त्यामुळे हे मी पुष्कळ पाहिलंय.

मतदानाच्या दिवशी केंद्रावर भांडून उपयोग नाही. उमेदवारी अर्जांची मुदत संपली की यादी गोठते आणि पीठासीन अधिकाऱ्याला एकही नाव वाढवता येत नाही. मावशींना आत्ताच फॉर्म ६, म्हणजे नाव नोंदवायचा अर्ज, भरायला लावा आणि पावतीचा क्रमांक लिहून ठेवा. सोबत बीएलओकडे, आणि तिथे दाद लागली नाही तर निर्वाचक नोंदणी अधिकाऱ्याकडे, नाव कधी, कुठल्या कारणाने आणि कोणाच्या अर्जावर वगळलं याचं उत्तर लेखी मागा. तो अर्ज मावशींच्या ओळखीतल्या कोणाच्या नावाने असेल, तर त्या माणसाला आधी विचारा की अर्ज त्याने खरंच केला होता का. आळंदमध्ये बनाव असाच उघडा पडला.